औषधाची चिठ्ठी आणि औषधाचे दुकान

पाळीव प्राण्यांच्या औषधांचा विषय निघाला की दोन तट पडतात, आणि थोड्याच वेळात औषध बाजूला राहून एकमेकांची नियत काढणे सुरू होते. एक तट म्हणतो, चिठ्ठीची अट हा पशुवैद्यांनी स्वतःच्या कमाईसाठी घातलेला अडसर आहे. तेच औषध माणसांच्या दुकानात मिळते, मग दर वेळी तपासणीची फी भरून कागद कशाला आणायचा? दुसरा तट म्हणतो, पालकांना (म्हणजे प्राणी पाळणाऱ्यांना) काही कळत नाही, इकडेतिकडे वाचून ते स्वतःच डॉक्टर होतात, म्हणून औषध आमच्याकडूनच घ्यावे. या भांडणात दोन निराळे प्रश्न एकमेकांत कालवले गेले आहेत. औषध कोणते, किती आणि किती दिवस द्यायचे हे कुणी ठरवावे, हा एक प्रश्न. ते कुठून विकत घ्यायचे हे कुणी ठरवावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर माझ्या मते निःसंशय पशुवैद्य हेच आहे, आणि दुसऱ्याचे तितकेच निःसंशय पालक. चिठ्ठी मिळवण्याची अट कडक असावी. पण एकदा लिहिली गेली की ती चिठ्ठी पालकाच्या हातात पडावी आणि तिचे काय करायचे ते त्याने ठरवावे. दोन्ही तटांना यातले अर्धेच हवे असते, म्हणून वाद पुढे सरकत नाही.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पालकांच्या बाजूने बोलणारे बरेच जण तो फार हलक्याने घेतात. औषधातला घटक तोच, बनवणारी कंपनी तीच, मग माणसाला चालते ते प्राण्याला का चालू नये, असे ते विचारतात. उत्तर प्राण्याच्या शरीरातच आहे. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलचा निचरा ज्या मार्गाने करते तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतोच. त्यामुळे औषधापासून तयार होणारे विषारी द्रव्य रक्तावर उतरते, हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या मानेवर पिसवा-गोचिडांसाठी सोडायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराला त्याने झटके येतात. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, तो २००१ मध्ये नेमका सापडला. या दोषामुळे आयव्हरमेक्टिन हे औषध त्यांच्या मेंदूत साठते आणि खरजेसाठी दिला जाणारा, इतर कुत्र्यांना सहज पचणारा डोस त्यांना बेशुद्ध करू शकतो. म्हणजे माणूस आणि प्राणी एवढ्यावर फरक थांबत नाही. कुत्रा आणि मांजर, एक जात आणि दुसरी जात, इथपर्यंत तो जातो. वजनाला डोसने गुणून घरबसल्या हे सुटणार कसे?

पण माझा मुख्य मुद्दा विषबाधेचा नाहीच. विषबाधेची उदाहरणे भडक असतात म्हणून तीच सांगितली जातात. रोजच्या जगण्यात नुकसान होते ते चुकीच्या निदानाने, आणि तिथे औषध 'सुरक्षित' असूनही भागत नाही. कुत्र्याचा डोळा लाल झाला आहे. मागच्या वर्षीही असाच झाला होता, तेव्हा दिलेल्या थेंबांची बाटली कपाटात अर्धी शिल्लक आहे. पालक ते थेंब घालतो. मागच्या वेळी ॲलर्जी होती आणि थेंबांत स्टेरॉइड होते. या वेळी मात्र बुबुळावर ओरखडा गेला आहे. स्टेरॉइडमुळे ती जखम भरत नाही, उलट बुबुळाचा पारदर्शक पडदा गळू लागतो, आणि काही दिवसांत डोळा फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. बाहेरून दोन्ही वेळा डोळा सारखाच लाल, सारखाच पाणावलेला. फरक कळतो तो एका साध्या चाचणीने: डोळ्यात फ्लुओरेसिनचा नारिंगी रंग सोडायचा, निळ्या प्रकाशात पाहायचे, जखम असेल तिथे हिरवा डाग चमकतो. मिनिटभराचे काम, पण ते समोर प्राणी असल्याशिवाय होत नाही. कानाचेही तसेच. आत पडदा फाटलेला आहे की नाही हे पाहिल्याशिवाय काही थेंब घातले तर कायमचे बहिरेपण येऊ शकते. 'मला माझ्या कुत्र्याचे दुखणे माहीत आहे' असे पालक म्हणतो तेव्हा त्याला लक्षण माहीत असते. ते त्याला डॉक्टरांपेक्षाही आधी कळते, हे मी मान्य करतो. त्यामागचा आजार मात्र त्याला दिसलेला नसतो.

यावर सर्वांत बळकट आक्षेप कोणता असेल तर तो मांजरांच्या एका आजाराच्या इतिहासातून येतो, आणि चिठ्ठीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळता कामा नये. एफआयपी या नावाने ओळखला जाणारा, कोरोना विषाणूमुळे होणारा हा आजार अगदी अलीकडेपर्यंत जवळजवळ नेहमी प्राणघातक होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१९ मध्ये जीएस-४४१५२४ हे औषध ३१ मांजरांना देऊन पाहिल्याचे प्रसिद्ध केले, आणि त्यातली बहुतेक जगली. औषध सापडले, पण कायदेशीर बाजारात ते कुठेच नव्हते. पशुवैद्यांना ते लिहून देता येत नव्हते; काही तर त्याचे नावही घ्यायला कचरत. मग पालकांनी समाजमाध्यमांवर गट केले, चोरट्या बाजारातून कुप्या मागवल्या, एकमेकांना डोस शिकवले आणि ८४ दिवस रोज आपल्या मांजराला टोचले. हजारो मांजरे त्यातून वाचली. चिठ्ठीविना, अधिकृत परवानगीविना. तेव्हा 'पालकांना काही कळत नाही' असे म्हणणाऱ्यांनी या माणसांच्या डोळ्यांत पाहून ते म्हणावे.

या कहाणीचा आदर ठेवूनच मला वाटते की ती चिठ्ठीच्या विरोधात साक्ष देत नाही. त्या कुप्यांच्या लेबलावर खरा घटक आणि त्याचे खरे प्रमाण लिहिलेले असेलच याची खात्री नसे. काही उत्पादने तर पूरक आहार म्हणून विकली जात. इंजेक्शन आम्लधर्मी असल्याने मांजरे कळवळत आणि अंगावर जखमा होत. पुढे २०२१ पासून ब्रिटनमध्ये आणि जून २०२४ पासून अमेरिकेत हे औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीवर कायदेशीरपणे मिळू लागले. प्रमाणित औषध आले, तोंडाने द्यायचे प्रकार आले, रक्ततपासणीवरून डोस ठरू लागला. आणि उघडपणे अभ्यास करता येऊ लागल्यावर जर्मनीत असे दिसले की पोटात किंवा छातीत पाणी साचलेल्या मांजरांना ४२ दिवसांचे उपचारही पुरतात, म्हणजे निम्मे औषध आणि निम्मा छळ. ज्यांनी कायद्याबाहेर जाऊन मांजरे वाचवली त्यांनाही शेवटी हवी होती ती कायदेशीर चिठ्ठीच. ती वेळेवर मिळाली नाही हा त्या व्यवस्थेचा दोष, आणि तो गंभीर आहे. व्यवस्थेने दार लावून घेतले की लोक खिडकी शोधतात, हे धोरणे आखणाऱ्यांनी या प्रकरणातून शिकायला हवे.

आणखी एक गोष्ट. प्राण्याचे औषध ही मालक आणि प्राणी यांच्यातली खासगी बाब आहे, असे गृहीत धरून हा वाद चालतो. ती तशी कधीच नव्हती. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना बजावले होते की पेनिसिलिन उद्या कुणालाही दुकानात मिळू लागेल, अजाण माणूस ते अपुऱ्या प्रमाणात घेईल आणि जंतूंना प्रतिकार शिकवेल. कुत्र्याच्या कातडीवरचे जंतू आणि त्याला कुशीत घेऊन झोपणाऱ्या मुलाच्या कातडीवरचे जंतू एकाच घरात राहतात. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जंतू कुत्र्यांमध्येही आता पशुवैद्यांची झोप उडवत आहेत. डायक्लोफेनॅकचे उदाहरण तर याहून ठळक. दुखण्यावरचे साधे, स्वस्त औषध. ते टोचलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन दक्षिण आशियातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत आहेत, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानात गुरांसाठी त्यावर बंदी आली. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये भारत सरकारला त्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. माणसांच्या दुकानातले औषध कुणाच्याही सल्ल्याशिवाय जनावरापर्यंत पोहोचले की काय होते, याचा याहून मोठा पुरावा कुठे शोधायचा?

इथवर वाचून पशुवैद्य माना डोलावत असतील. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, जिथे माझे त्यांच्याशी पटत नाही.

औषध ठरवणारा आणि औषध विकणारा एकच असावा का, हा प्रश्न पाळीव प्राण्यांसाठी नव्याने निघालेला नाही. तेराव्या शतकात सिसिलीच्या राज्यात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने वैद्यांना औषध विक्रेत्यांशी भागीदारी करायला आणि स्वतःचे औषधाचे दुकान चालवायला मनाई केली होती. तेव्हाचे वैद्य बेइमान होते म्हणून त्याने तसे केले असेल असे नाही. जो सल्ल्यातूनही कमावतो आणि सल्ल्यातून निघणाऱ्या विक्रीतूनही, त्याच्या सल्ल्यावर त्याच्याही नकळत विक्रीची छाया पडते, एवढी साधी समज त्यामागे आहे. माणसांच्या औषधांत बहुतेक जगाने ही समज पुढे उचलली. दक्षिण कोरियाने २००० मध्ये डॉक्टरांचे औषध विकणे आणि औषध विक्रेत्यांचे औषध लिहिणे, दोन्ही एकदम बंद केले. डॉक्टरांनी संप केले, रुग्णांचे हाल होतील असे बजावले. पुढच्या पाहणीत दिसले ते असे की विषाणूजन्य आजारांत, जिथे प्रतिजैविकांचा उपयोगच नसतो, तिथे ती लिहिण्याचे प्रमाण कमी झाले. तेच डॉक्टर, तेच रुग्ण. बदलले फक्त पैशाचे वळण. डेन्मार्कने १९९० च्या दशकाच्या मध्यात पशुवैद्यांना औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर कडक मर्यादा घातली, त्यानंतर जनावरांतील प्रतिजैविकांचा वापर लक्षणीय घटला. तो देश मुख्यतः डुकरांच्या पैदाशीचा आहे आणि त्याच काळात तिथे इतर निर्बंधही आले, त्यामुळे सगळे श्रेय या एका नियमाला देता येणार नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. स्वीडनमध्ये तर पशुवैद्य लिहितात आणि औषधाचे दुकान विकते, हीच रीत आहे. तिथले पाळीव प्राणी काही उपचाराविना राहिलेले नाहीत.

याहून जवळचा दाखला चष्म्याचा आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये नियम झाला की डोळे तपासल्यावर चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद ग्राहकाला द्यायचाच, त्याने मागितला नाही तरी. कॉन्टॅक्ट लेन्सच्या बाबतीत मात्र बराच काळ कागद अडवला जात राहिला. कारणे ऐकलेलीच वाटतील: लेन्स हे वैद्यकीय साधन आहे, चुकीच्या लेन्सने बुबुळाला इजा होते, बाहेरचा विक्रेता पाठपुरावा करणार नाही. ही कारणे खोटी नव्हती. तरीही २००३ मध्ये कायदा झाला आणि लेन्सची चिठ्ठीही मागण्याआधी हातात पडू लागली. त्यात चिठ्ठीला मुदत असते, मुदत संपली की पुन्हा तपासणी लागते, आणि विक्रेत्याने चिठ्ठी पडताळून पाहायची असते. सुरक्षिततेची काळजी मुदत आणि पडताळणी यांनी वाहिली. त्यासाठी ग्राहकाला एकाच दुकानाशी बांधावे लागले नाही. प्राण्यांच्या औषधांना हेच का लागू होऊ नये? ब्रिटनने अर्धी वाट चालून पाहिली आहे. बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या स्पर्धा आयोगाच्या २००३ च्या अहवालानंतर, २००५ पासून पशुवैद्यांना मागितल्यावर चिठ्ठी देणे बंधनकारक झाले आणि पहिली तीन वर्षे तिच्यासाठी वेगळे पैसे घ्यायलाही बंदी होती. ती बंदी २००८ मध्ये उठली. हक्क कागदावर राहिला, पण तो आहे हेच असंख्य पालकांना ठाऊक नव्हते. २०२४ मध्ये तिथल्या स्पर्धाविषयक यंत्रणेला पाळीव प्राण्यांच्या वैद्यकीय सेवांची सखोल चौकशी पुन्हा सुरू करावी लागली. 'मागितल्यावर' या एका अटीत सगळा हक्क विरून जातो. आजारी प्राणी टेबलावर असताना, ज्याच्या हातात त्याचा जीव आहे त्यालाच 'मी औषध दुसरीकडून घेतो' असे म्हणायला किती जणांची जीभ रेटेल?

पशुवैद्यांचे यावरचे दोन आक्षेप खरोखर वजनदार आहेत. पहिला असा की माणसांच्या औषध दुकानात प्राण्यांविषयीचे ज्ञान नसते. थायरॉइड मंदावलेल्या कुत्र्याला लेव्होथायरॉक्सिनचा डोस किलोमागे सुमारे २० मायक्रोग्रॅम, तोही दिवसातून दोनदा लागू शकतो. म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला १ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाच्या नेहमीच्या डोसच्या जवळपास दहापट. चिठ्ठी पाहणाऱ्याला ही चूकच वाटते, आणि त्याने परस्पर डोस घटवला तर कुत्रा महिनोन्महिने सुस्त, केस गळलेला राहतो. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत, उदाहरणार्थ गॅबापेंटिनच्या द्रावणात, गोडीसाठी झायलिटॉल असते. कुत्र्याची रक्तशर्करा त्याने धोकादायक पातळीपर्यंत कोसळते. इन्सुलिनचे दोन प्रकार मिळतात, एक मिलिलिटरला ४० युनिटचा, अनेक देशांत बहुतांशी प्राण्यांसाठी (भारतात माणसांसाठीही), आणि दुसरा १०० युनिटचा, माणसांसाठी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरले की अडीचपट डोस जातो. दिवसातून एकदा यासाठी पशुवैद्य 'एसआयडी' असे लिहितात; माणसांच्या औषधांत तो संक्षेप रूढ नसल्याने तो दोनदा ('बीआयडी') किंवा चारदा ('क्यूआयडी') असा वाचला जाण्याचा धोका असतो.

हे सगळे मान्य. पण यातून निष्कर्ष काय निघतो? मला तरी तो चिठ्ठी नीट लिहावी असा दिसतो. प्राण्याची जात, वजन, आजार, घटकाचे पूर्ण नाव, इन्सुलिन असेल तर सिरिंजही कोणती, 'दिवसातून एकदा' हे शब्दांत, 'झायलिटॉल नसलेले' ही सूचना, 'डोस मुद्दाम जास्त आहे, शंका असल्यास फोन करा' ही ओळ. अशी चिठ्ठी पालकाच्या घरातही उपयोगी पडते, कारण तिथेही चुका होतातच. शिवाय कपाटातून काढून पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांवर अनेकदा नावच नसते. रात्री कुत्र्याने सगळी पुडी खाल्ली तर दुसऱ्या डॉक्टरांना काय सांगायचे? लेखी चिठ्ठी ही प्राण्याच्या सुरक्षिततेचीच वस्तू आहे, आणि ती न देण्याला सुरक्षिततेचे कारण देता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो बोलताना पशुवैद्य संकोचतात, म्हणून मीच त्यांच्या बाजूने मांडतो. तपासणीची फी पालकांना सोसेल इतकी कमी ठेवायची आणि तूट औषधांवरच्या नफ्यातून भरून काढायची, असा अनेक दवाखान्यांचा हिशेब असतो. विक्री गेली तर फी वाढणार, आणि फी वाढली की गरीब पालक तपासणीलाच येणार नाही. ही भीती खरी आहे. तरीही या रचनेत कोण कुणासाठी पैसे भरतो ते पाहावे. ज्याच्या मांजराला मधुमेह आहे, ज्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला संधिवात किंवा अपस्मार आहे, तो जन्मभर औषध घेतो. वर्षातून एकदा लस टोचून जाणाऱ्याची स्वस्त तपासणी त्याच्या खिशातून चालते. सर्वांत अडलेल्याने सर्वांत जास्त भरायचे, तेही नकळत. याहून तपासणीची योग्य फी उघडपणे मागावी, आणि पालकांनीही ती कुरकुर न करता द्यावी. निदान हेच पशुवैद्याचे खरे कसब. ते फुकट समजायचे आणि गोळीचे पैसे जास्त झाले म्हणून भांडायचे, ही सवय आपल्यालाच सोडावी लागेल. तपासणीनंतर चिठ्ठी लिहिण्याचे वेगळे पैसे नकोत, ती तपासणीचाच भाग आहे. जुने कागद आणि रक्ताचे अहवाल पाहून मुदत वाढवून देण्यात वेळ जातो, त्याचे माफक पैसे घ्यायला हरकत नाही.

मुदतीवरून सर्वांत जास्त कटुता येते. 'पाच वर्षे तेच औषध चालू आहे, पुन्हा तपासणी कशाला?' संधिवाताच्या वेदनाशामकांबद्दल उत्तर सोपे आहे: पाच वर्षांत मूत्रपिंडे पाच वर्षांनी थकली आहेत, आणि ती थकल्याचे बाहेरून दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. मध्येच कुणी खाजेसाठी स्टेरॉइड दिले असेल तर दोन्ही मिळून जठराला भोक पडू शकते. पण प्रत्येक औषधाला एकच मोजमाप लावू नये. युरोपीय संघात २८ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांत प्रतिजैविकांची चिठ्ठी फक्त पाच दिवस चालते, कारण तिथे विलंबाने घेतलेले औषध म्हणजे बहुधा भलत्याच आजारासाठी वापरलेले औषध. ब्रिटनच्या पशुवैद्यक परिषदेने २०२३ मध्ये काही औषधांसाठी दूरस्थ सल्ल्याला वाट दिली, प्रतिजैविकांसाठी मात्र प्रत्यक्ष तपासणीचा आग्रह कायम ठेवला. असा भेद योग्य आहे. स्थिरावलेल्या आजारासाठी 'सहा महिने चालेल, तिसऱ्या महिन्यात रक्त तपासा' असे चिठ्ठीवरच लिहिले तर पालकाला दर वेळी अडवणूक झाल्यासारखे वाटणार नाही. आणि पालकाने उरलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या कुत्र्याला द्यायच्या नाहीत, बरे वाटले म्हणून स्टेरॉइड एकाएकी बंद करायचे नाही, हेही तितक्याच गांभीर्याने पाळायला हवे. चिठ्ठीवर हक्क सांगणाऱ्याला तिच्यातले बंधन निवडून वगळता येत नाही.

कोरियासारखी सरसकट बंदी मात्र मी मागत नाही. जिथे आसपास औषधाचे दुकानच नाही, जिथे मध्यरात्री झटके येणारे कुत्रे आणले आहे, जिथे औषध इंजेक्शननेच द्यायचे आहे, तिथे पशुवैद्याच्या कपाटात औषध असलेच पाहिजे आणि त्याचा वाजवी नफा त्यांना मिळालाच पाहिजे. अशा वेळी पहिल्या दोन-तीन दिवसांचे औषध दवाखान्यातून मिळावे, आणि त्याच पुडीसोबत पुढच्या दिवसांची चिठ्ठी, न मागता, पालकाच्या हातात यावी.